तिजाई मास्तर

त्यांना गावात नावानं कोणी हाक मारत नसे. तिजाई मास्तर म्हणत. तिजाई म्हणजे तिसरा हिस्सा. शेत बटाईनं करणाऱ्यांचा शब्द. मास्तरांपाशी वीतभरही शेत नव्हतं. ते आम्हाला पाचवी ते आठवी मराठी शिकवत, आणि मराठीत शिकवण्यासारख्या गोष्टी त्यांच्या मते दोनच होत्या: सारांश आणि मनवणी. सारांश म्हणजे उताऱ्याचा एक-तृतीयांश करायचा. मनवणी म्हणजे समोरच्याचं मन वळवायला लिहिलेलं पत्र. पुस्तकात त्याला विनंती-अर्ज म्हटलेलं होतं. मास्तर म्हणायचे, "विनंती भिकारी बी करते. तुमी मनवणी करा." कविता, व्याकरण, निबंध वगैरे किरकोळ माल ते दिवाळीच्या आधी एका आठवड्यात उरकून टाकत.

आमचं गाव अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या लहान लाइनीवर. गाडी दिवसातून दोनदा थांबायची, तेही ड्रायव्हरच्या मनात आलं तर, असं आमचे लोक म्हणत. शाळा आठवीपर्यंत. आठवीनंतर मुलगे अकोल्याला जात किंवा जिनिंगमध्ये कामाला लागत, आणि मुली घरी बसत. माझंही तेच ठरलेलं होतं. मी तिसरीत असताना बाप गेला. आईनं नाल्याकाठी एक तुकडा मक्त्यानं घेतला होता. त्यात वांगी, मेथी, सांबार लावायची आणि गुरुवारच्या बाजारात विकायची. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो आणि आमच्या बायकाही 'मी येतो' असंच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसायचं काम नाही. तिच्या हाताखाली मी एकटी. "आठवी कर अन् वावरात ये," हे तिनं मी पाचवीत बसले त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मला पुढं शिकायचं होतं. विद्येची ओढ वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. मला वांग्यांचा मनापासून कंटाळा आला होता.

मास्तर सहा फूट उंच. प्रत्येक गोष्टीचा तिसरा हिस्सा करणाऱ्या माणसाला एवढी उंची कशाला दिली, असं आई म्हणायची. स्टेशनमागच्या एका खोलीत एकटे राहत. बायको अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवायला होती. महिन्यातून एकदा ते तिकडे जात आणि सोमवारी पहिल्या तासाला गाडीतल्या कोळशाच्या कणांसकट हजर होत. लिहिताना त्यांची मराठी इस्त्रीची, बोलताना मात्र अस्सल आमच्यासारखी. तपासायला आलेले एक साहेब म्हणाले, मुलांसमोर शुद्ध बोलत जा. मास्तर म्हणाले, "शुद्ध मी कागदावर ठेवतो. तोंडात ठेवलं तर मुलाले वाटते, मी रागावलो."

सारांश शिकवायला ते पुस्तकातला उतारा क्वचितच घेत. सकाळी आल्या आल्या विचारायचे, "तुई आजी आज काय म्हनत होती? तिजाई कर." मुलगा घोटाळ्यात. आजी पाऊण तास बोललेली. मग सगळे मिळून आजी छाटायला बसायचे. उदाहरणं काढा. वर्णन काढा. दोनदा बोलली ते एकदा ठेवा. शेवटी फळ्यावर उरायचं, "सुनेनं मीठ जास्त टाकलं." मास्तर मागं सरकून फळ्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "पाहा, आजी सापडली."

एका पंधरा ऑगस्टला हेडमास्तर दीड तास बोलले. आभार मानायचं काम मास्तरांकडे होतं. ते उठून म्हणाले, "हेडमास्तर म्हणाले, स्वातंत्र्य मिळालं, आता अभ्यास करा. हे तिजाईपेक्षा कमी भरलं, पण मूळ माल तेवढाच होता." आणि बसले. पुढच्या वर्षीपासून आभार ड्रिल मास्तरांकडे गेले.

गावातही लोक त्यांना तंट्याबखेड्यात बोलवत. दोघा भावांचा दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या निंबावरून वाद पेटला होता, तेव्हा मास्तरांना नेऊन मध्ये बसवलं. थोरला अर्धा तास बोलला, धाकटा अर्धा तास बोलला. मास्तर हातात कागद-पेन्सिल घेऊन ऐकत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं, "थोरला म्हणतो, निंब माया. धाकटा म्हणतो, निंब माया. बाकी दोघाईनं एकमेकाच्या बायकोचं वर्णन केलं, ते मी गाळलं." एवढ्या मोठ्या भांडणाची अशी दोन ओळींत वासलात लावली म्हणून दोघेही भाऊ चवताळले आणि मिळून मास्तरांच्या मागं स्टेशनपर्यंत धावले. परत आल्यावर दोघं एका ताटात जेवले. मास्तर म्हणाले, निकाल चांगला लागला.

मनवणीचा तास मात्र निराळाच. तिथं मास्तर वही तपासत नसत. त्यांचा नियम असा की पत्र ज्याला लिहिलं त्याला खरोखर नेऊन द्यायचं, आणि मार्क त्यानंच द्यायचे. दहापैकी. मार्क कमी दिले तर का दिले ते सांगायचं. आणि तो 'नाही' म्हणाला, तर 'नाही'चं कारण त्यानं लिहून द्यायचं किंवा आमच्याकडून लिहून घ्यायचं. गुरुवारी मधल्या सुट्टीत आम्ही पोट्टे-पोट्ट्या हातात कागद घेऊन बाजारभर पसरायचो. किराणावाला, न्हावी, तालुक्याचा कंपाउंडर, सगळ्यांना आमचे कागद. बहुतेक लोक म्हणायचे, "मले रिकामे धंदे नाई," आणि आम्ही ते इमानदारीनं लिहून आणायचो. मास्तर ते कारण म्हणून मान्य करत.

फलाटावर पाण्याचा रांजण ठेवावा म्हणून सबंध सहावीनं स्टेशनमास्तरांना पत्रं लिहिली. एकतीस पत्रं. तहानलेले प्रवासी, म्हातारी माणसं, पुण्य, परोपकार. स्टेशनमास्तरांनी एकतीस शून्यं दिली. मास्तरांनी आम्हाला परत लिहायला बसवलं. "त्या मानसाचं तोंड डोयापुढं आना. त्याले काय त्रास हाय? तुमचं कारण तुमच्यापाशी ठेवा. त्याले त्याचं कारण द्या." मी चार दिवस स्टेशनमास्तरांना पाहिलं. मग लिहिलं, की लोक पाणी मागायला तुमच्या ऑफिसात येतात आणि दर खेपेला तुम्हाला उठावं लागतं. रांजण बाहेर असला तर आपणांस बसून राहता येईल. तिसऱ्या दिवशी रांजण आला. मला आठ मार्क मिळाले. दोन का कापले विचारल्यावर स्टेशनमास्तर म्हणाले, पोरीनं मला आळशी म्हटलं.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की मी कोणाचंही मन वळवू शकते. अकरा वर्षांच्या मुलीला असं वाटणं चांगलं नाही.

पण मनवणी कुठं करायची नाही हेही त्यांनीच शिकवलं. ज्या वर्षी गावातली बरीच घरं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली, त्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलानं हेडमास्तरांना पत्र लिहिलं. शाळेच्या रजिस्टरमध्ये आपला धर्म बदलून लिहावा म्हणून. दोन पानं लिहिली होती. हेडमास्तरांना कसं बरं वाटेल, शाळेचं नाव कसं होईल, सगळं माझ्या रांजणाच्या धर्तीवर. मास्तरांनी पहिल्यांदाच कोणाचं पत्र हातात घेतलं आणि फाडलं. म्हणाले, "हक्काच्या गोष्टीले मनवणी नसते बापा. तिथं फक्त कळवायचं." मुलानं दुसऱ्या कागदावर लिहिलं: धर्म बदलला आहे. नोंद बदलावी. हेडमास्तरांनी नोंद बदलली आणि मार्क किती द्यायचे म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, याला मार्क नाहीत, हा पेपरच नव्हता.

आता एवढ्या मोठ्या मनवणीवाल्या माणसाला स्वतःची बदली काही करून घेता आली नाही. अमरावतीला बायकोजवळ बदली व्हावी म्हणून ते दर वर्षी अर्ज करत. अर्ज असा: "मला अमरावतीस बदली हवी. कारण सर्वांना असते तेच आहे." एवढाच. ऑफिस विचारी, कारण स्पष्ट नमूद करावे. मास्तर उत्तर देत, कारण स्पष्ट आहे, फक्त नमूद केलेले नाही. मध्येच वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून मुंबईला गेला, तेव्हा अर्जही बिचारा नागपूरहून मुंबईला गेला आणि वर्षानं परत आला. त्यासोबत तीन पानी उत्तर आलं. मास्तरांनी ते उत्तर आठवीच्या सहामाहीला सारांशासाठी घातलं. वर्गात कोणी दहा ओळी लिहिल्या, कोणी पाच. बरोबर उत्तर होतं, "नाही." मी तेच लिहिलं होतं. वही परत देताना ते माझ्याकडे थोडे जास्त वेळ पाहत उभे राहिले.

आठवीची परीक्षा जवळ आली तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. मास्तरांच्या बायकोच्या शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं. गरीब घरच्या हुशार मुलींना राहणं-जेवण फुकट. एक जागा होती. मास्तरांनी मला तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "आता माय म्हनन ते."

"तुम्हीच बोला न मास्तर तिच्याशी."

"मी काहून बोलू? शिकाचं तुले हाय. ते नाई म्हनते, तर तिले लिही."

"तिला वाचता येत नाही."

"मंग वाचून दाखव. लिवलं तेवढंच वाचाचं, वरून एक शब्द लावाचा नाई."

मी आठ पानं लिहिली. मास्तरांनी सांगितलं, तिजाई. तीन पानं झाली. पुन्हा तिजाई. एक पान उरलं. त्यात माझं रडगाणं एकही नव्हतं, सगळी आईची कारणं. तिचा उजवा गुडघा दुखतो. पाच वर्षांत मी मास्तरीण होईन. मग तिला उन्हात टोपली घेऊन बसावं लागणार नाही. वांगी तोडायला शेजारची काकू हप्त्यातून दोन दिवस यायला तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे. मला ते पत्र फार उत्तम वाटलं. आजही वाटतं.

वाचन आमच्या तुकड्यातच झालं. आई मेथीच्या वाफ्याच्या कडेला बसलेली, मास्तर विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसलेले, मी उभी. मी वाचलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एक पाखरू हाकललं, तेवढंच.

"कितीपैकी द्याचे अस्ते?" तिनं मास्तरांना विचारलं.

"दहा."

"सात."

"तीन काहून कापले?"

"गुडघा माया हाय. तो चारचौघांत काहून काढला तिनं?"

"बरोबर," मास्तर म्हणाले. "अन् पोरीले जाऊ देता?"

"नाई."

सात मार्क देऊन माणूस नाही म्हणू शकतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. माझे डोळे भरून आले, पण मास्तर शाळेतल्यासारखेच म्हणाले, "मंग कारण लिवून द्या."

"मले कुठं लिवता येते? हे पोरगीच लिवन." आई माझ्याकडे वळली. "घे व, लिव."

मी खाली बसले आणि माझ्याच विरुद्धचं पत्र मांडीवर कागद ठेवून लिहून घेतलं. आई सलग बोलली. तिच्या तोंडून एवढं सलग बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"पोरी, तू म्हनतं ते सबन खरं हाय. वांगी मी एकटी बी तोडीन. तुया बाप गेला तवा बी मी एकटीनंच केलं. गोष्ट कामाची नाई. तू तथी जाशील अन् कागद लिवशील. मले अक्षर येत नाई. तुया कागद घेऊन मी कोनाच्या दारात फिरू? पोष्टमन वाचून देते अन् मंग गावभर सांगते. पोरगी जिती असून तिचं बोलनं मले आयकू येनार नाई, हे मले नोको. म्हनून नाई."

मास्तरांनी कागद माझ्या हातून घेतला. दोनदा वाचला. म्हणाले, "याची तिजाई होत नाई." खिशातून पेन्सिल काढून कोपऱ्यात दहा लिहिले. स्वतः मार्क द्यायचे नाहीत हा त्यांचाच नियम होता, तो मोडला. मग म्हणाले, "मी वाचून दाखवीन. गुरुवारी बाजार उठला का खोलीवर यत जा."

"पोष्टमनवानी नाई न?"

"गावाले एक शब्द सांगनार नाई."

"अन् माया जबाब?"

"मी लिवीन."

आई मेथीकडे पाहत बसली. शेवटी ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि म्हणाली, "मंग जाय."

मी अमरावतीला गेले. गावातून निघताना मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला एवढं रडू कोसळलं की खोलीतल्या मुली घाबरून बाहेर गेल्या. वसतिगृह वाईट नव्हतं. वरण पातळ होतं, माणसं चांगली होती. पण मला आईच्या अंगाच्या मेथीच्या वासाशिवाय झोप येईना. ज्या वांग्यांचा मला एवढा कंटाळा, त्यांचीसुद्धा आठवण यायची. मी आईला पत्र लिहिलं. माझी सगळी छाटणी, सगळं कौशल्य विसरून, पुस्तकी भाषाही सोडून, जसं तोंडात आलं तसं चार पानं लिहिलं. मला इथं करमत नाही, मला घेऊन जा.

आठव्या दिवशी कार्ड आलं. मास्तरांचं अक्षर. "चि. मुलीस आशीर्वाद. येथे सर्व कुशल. वांगी बरी निघाली. अभ्यास करणे."

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा कार्ड आलं. "कुशल. सांबाराला भाव नाही. प्रकृतीस जपणे." दर आठवड्याला मी चार-चार पानं रडत होते आणि दर आठवड्याला आई मला भाजीबाजाराची बातमी कळवत होती. मास्तरांच्या बाई येता-जाता विचारायच्या, "बरी आहेस ना गं?" मी हो म्हणायची. आमच्या घरात परक्यापुढं रडायची पद्धत नाही.

हळूहळू मला राग यायला लागला. एवढी कशी ही बाई दगडाची? जायला नाही म्हणताना तर काय बोलली होती, आणि आता तीन ओळी! त्या रागावर मी नववीच्या सहामाहीला पहिली आले. दिवाळीला घरी गेले तेव्हा मी तिला काही विचारलं नाही. जिनं वांग्याचं उत्तर पाठवलं तिला काय विचारायचं? तिनंही काही विचारलं नाही. आम्ही दोघी चार दिवस एका वाफ्याशी बसून मेथी खुडत होतो आणि मेथीबद्दलच बोललो. तिच्याकडूनही काहीतरी रुसवा आहे असं मला वाटलं, पण रुसायचा हक्क माझा असताना तिनं का रुसावं, म्हणून मी आणखीच गप्प झाले. परत जाताना तिनं भाकरी बांधून दिल्या. स्टेशनवर आली नाही.

अशी पाच वर्षं गेली. मॅट्रिक झाले, मास्तरकीचं ट्रेनिंग झालं. रडणारी पत्रं पहिल्या वर्षानंतर थांबली. पुढं मीही काय जेवले आणि कोणता पेपर झाला एवढंच कळवायला लागले. अचलपूरला मिडल स्कूलमध्ये नोकरी लागली. मी खोली पाहून ठेवली आणि आईला न्यायला गावी आले.

आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. खोलीत नळ आहे, बाजार जवळ आहे, तुला आता टोपली उचलायची नाही. ती ऐकत होती, काड्या बाजूला टाकत होती. मग मान वर न करता म्हणाली, "येईन. पन तू लय कठीन हायेस व. पाच वर्सांत एकदा तरी आठवन येते म्हून लिवलं असतं, तं काय शाई संपली असती?"

मी म्हटलं, "काय?"

"काई नाई. मी आपलं सांगतलं."

मी चप्पल न घालता स्टेशनमागं गेले. मास्तरांची बदली एवढ्या वर्षांनी मंजूर झाली होती, निवृत्तीला चार महिने उरले असताना. ते गुडघा टेकून वळकटीची दोरी आवळत होते. केस पांढरे झाले होते. मी दारातूनच विचारलं, "माझी पत्रं तुम्ही आईला पुरी वाचून दाखवली का?"

"नाई," ते म्हणाले.

"किती?"

"तिजाई."

"काय गाळलं?"

"सारांशात गाळतेत ते. उदाहरनं, वर्नन, पुनरुक्ती."

"मला घेऊन जा, हे वर्णन होतं?"

"ते पुनरुक्ती. पयल्या पत्रात तू ते अकरा येळा लिवलं होतं."

"मग अकरातून एकदा वाचायचं."

मास्तरांनी दोरी सोडली. वळकटी उलगडली आणि ते त्यावरच बसले. "एकदा पुरलं असतं," ते म्हणाले. "म्हनून नाई वाचलं."

मी उंबऱ्यावरच बसले. ते म्हणाले, "बायको मले दर पंधरवड्याले लिवे. पोरगी जेवते, झोपते, वर्गात पयली हाय. तुयं रडनं खरं होतं, पन धोक्याचं नव्हतं. तसं असतं तर मीच तुले आनाले आलो असतो."

"आणि आईचं? तिनं काय लिहायला सांगितलं होतं?"

"तिचं बी तेच केलं."

"काय केलं? काय बोलली होती ती?"

आणि ते भिंतीकडे पाहत बोलायला लागले. पाच वर्षांपूर्वीचं, एक शब्द न गाळता, आईच्याच भाषेत. "पोरी, तुया कागद मास्तरानं वाचून दाखवला. तू बरी हायेस हे आयकून बरं वाटलं. मले करमत नाई. दोन पाट मांडतो अन् मंग एक उचलून ठेवतो. वांगी बरी निंगाली. मेथीले पानी देता देता तुले हाक मारतो, मंग आपल्यालेच हासतो. तुले तथी करमत नसन तर कळव, मी घ्याले येतो. करमत असन तर राय. माया काय, मी राईन." त्यांनी दुसरंही पत्र म्हणून दाखवलं. तिसरं सुरू केलं तेव्हा मी त्यांना थांबवलं. माझ्यानं ऐकवेना. या माणसाला सगळं पाठ होतं.

"मार्क द्याचे अस्तीन तर दे," ते म्हणाले. "पत्र तुमच्या दोघीचे होते."

"शून्य," मी म्हटलं.

"बरोबर," असं म्हणून ते पुन्हा वळकटी गुंडाळायला लागले.

मला त्यांचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. त्यांनी तसं केलं नसतं तर मी शिकले नसते, हे मला कळतं. मी चौतीस वर्षं मुलांना सारांश शिकवला, त्यांच्याच पद्धतीनं, आणि मुलं पास होत गेली. ते वारल्याचं कळलं तेव्हा मी भर शाळेतून उठून अमरावतीला गेले आणि त्यांच्या बाईंसमोर सगळ्यांच्या देखत रडले. तरी ते शून्य मी बदललेलं नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, त्याला माझा इलाज नाही.

त्या दिवशी मी घरी परत आले, आईसमोर बसले आणि झालं ते सांगितलं. तिची मेथी निवडून झाली होती, तरी ती काड्यांतून बोट फिरवत राहिली.

"मले वाटेच," ती म्हणाली. "लय येळ कागदाकडे पाहे अन् सांगे थोडकंच." थोड्या वेळानं उठली, आत गेली आणि पिठाच्या डब्यामागून कापडात बांधलेली माझी सगळी पत्रं घेऊन आली. वाचता येत नसताना तिनं ती आली तशी ओळीनं लावून ठेवली होती. सगळ्यात खालचं काढून माझ्या हातात दिलं.

"वाच. पुरं."

मी वाचलं. वरण पातळ असल्याचं वाचलं, खोलीतल्या मुलींची नावं वाचली, मला घेऊन जा हे अकराच्या अकरा वेळा वाचलं. सातव्या-आठव्या वेळेपासून माझा आवाज फुटायला लागला, पण मी थांबले नाही. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. शेवटचं पान झालं.

मग आईनं डोळे उघडले. "कागद हाय का?"

"आहे."

"मंग लिव तिले."

"कोणाला?"

"त्या पोरीले," आई म्हणाली. "लिव का, रडू नोको. मी सकाळच्या गाडीनं निंगतो. तुया आवडीचं पिठलं अन् भाकरी घेऊन येतो. तोपर्यंत कोनाशी भांडू नोको अन् जेवून घेजो."

मी तिच्या शेजारी बसून, ती सांगेल तसं, सगळं लिहून घेतलं.